कपाळावरची बट

वस्तादांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, कपाळं राहत. रस्त्यात कुणी हात केला की ते गोंधळून बघत उभे राहायचे. पण तोच माणूस खुर्चीत बसून मान मागे टाकायचा अवकाश, त्याचा भोवरा कुठल्या बाजूला फिरतो, केसांची रेघ गेल्या वर्षापासून किती मागे सरली, हे सगळं त्यांना पाठ असायचं. चौतीस वर्षं ते केस कापत होते. दुकान खाली, घर वर, मधे अरुंद जिना.

दुकानाला सुट्टी असे त्या दिवशी वस्ताद वरच्या स्वयंपाकघरात पत्र्याचा डबा चुलीवर ठेवत आणि त्यात मेण, पेट्रोलियम जेली आणि एरंडेल वितळवत. निवत आलं की वासाचे चार थेंब टाकत. हे त्यांचं पोमेड, केस बसवायचं मलम. छत्री उलटी होईल एवढा वारा सुटला तरी वस्तादांनी बसवलेला केस हलायचा नाही, असं गिऱ्हाईकं म्हणत, आणि वस्ताद ते नम्रपणे ऐकून घेत, म्हणजे परत एकदा म्हणायला लावत.

त्यांची खरी ख्याती होती कोवळ्या वयाच्या मुलांत. कपाळावर मुरुमं आलेली पोरं तोंड लपवत दुकानात शिरायची. वस्ताद त्यांना काही विचारायचे नाहीत. पुढचे केस लांब ठेवून त्यांची एक बट कपाळावर उतरवायची आणि बोटभर पोमेड लावून ती चिकटवून टाकायची. मुरुमांवर छप्पर. पोरं हसत बाहेर पडायची. तीन आठवड्यांनी परत यायची तेव्हा मुरुमं वाढलेली असायची, मग वस्ताद छप्पर आणखी बोटभर खाली घ्यायचे. आपल्याकडे मुरुमांची पोरं इतकी का येतात, असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. जखम झालेला माणूस मलमपट्टीवाल्याकडेच जाणार, यात नवल ते काय.

त्यांची एकुलती एक मुलगी विसाव्या वर्षात होती. सोळाव्या वर्षी तिच्या हनुवटीवर दोन-चार पुळ्या आल्या होत्या. आता गालांवर, जबड्याच्या कडेनं आणि सगळ्या कपाळावर मुरुमं होती, काही लाल, काही पिवळ्या तोंडाची, काही आत दडून नुसती दुखणारी. रोज सकाळी ती खाली येऊन रिकाम्या खुर्चीत बसायची, आणि वस्ताद तिची बट बसवून द्यायचे. बाहेरच्या कुणालाही मिळाली नसेल इतकी सुबक.

ती चष्मे बसवण्याचं शिक्षण घेत होती. दीड वर्षाचा अभ्यास, शेवटचे दोन महिने राहिलेले. या कामात समोरच्या माणसाच्या नाकावर पट्टी टेकवून दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं असतं. मोजणारा आणि मोजला जाणारा समोरासमोर, हातभर अंतरावर, एकमेकांच्या डोळ्यांत बघत. प्रात्यक्षिकं सुरू झाली आणि शिकवणाऱ्या बाईंनी नियम सांगितला: केस मागे, पिना लावून, कपाळ मोकळं. लोंबणारी बट माप चुकवते.

त्या दिवसापासून मुलगी प्रात्यक्षिकाला गेली नाही. दोन आठवडे ती सकाळी नीट तयार होऊन बाहेर पडायची आणि ग्रंथालयात बसून यायची. मग चष्म्याच्या शाळेतून निरोप आला. परीक्षेचं प्रात्यक्षिक पाच आठवड्यांवर आहे, त्याला आली नाही तर वर्ष पुन्हा करावं लागेल.

"पुन्हा करेन," मुलगी म्हणाली.

"आणि पुढच्या वर्षी काय, बुरखा घालून मापं घेणार?" आईनं विचारलं. आई शिवणकाम करायची आणि तिची जीभही सुईसारखीच होती. "अहो, तुम्ही तरी बोला. की तुमचं तोंडही पोमेडनं चिकटलंय?"

वस्ताद एवढंच म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखवू."

कातडीच्या डॉक्टरीणबाईंची खोली लहान होती. टेबलावर गोल दिवा, त्याच्या मधोमध भिंग. त्यांनी मुलीला दिव्याखाली बसवलं आणि विचारत गेल्या. कधीपासून? पाळी वेळेवर येते का? तोंड कशानं धुतेस?

"दिवसातून सहा वेळा धुते. खरखरीत कापडानं घासते," मुलगी म्हणाली. "मावशीनं सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावून बघितली. त्यानं भाजलं. आईनं तळलेलं बंद केलं, मग चॉकलेट बंद केलं. आता श्वास घेणं तेवढं बंद करायचं राहिलंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. "श्वास चालू ठेव. जेवणही चालू ठेव. फार गोड खाल्लं की काहींची मुरुमं वाढतात, तेवढं सांभाळ. पण ही काही जिभेची शिक्षा नाही, आणि घाणीमुळेही येत नाहीत. केसाच्या मुळाशी एक तेलाची गाठ असते. या वयात शरीर तिला जास्त कामाला लावतं. वरचं भोक मेलेल्या कातडीनं बुजतं, तेल आत तुंबतं, तिथं जंतू वाढतात, सूज येते. घासलं की भोक उघडत नाही, वरची कातडी तेवढी सोलते. घासणं आजपासून बंद."

हे वस्तादांना पटलं. दुकानातल्या बेसिनचा पाइप केसांनी बुजला की वरून कितीही फडका मारला तरी उपयोग होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मान डोलावली.

मग डॉक्टरीणबाईंनी कागदी रुमाल घेतला, बट चिमटीत धरून त्यात दाबली आणि रुमाल दिव्यासमोर धरला. कागदावर पारदर्शक डाग पडला होता, पुरीच्या आकाराएवढा.

"हे काय लावतेस?"

"बाबा करतात. पोमेड."

"रोज सकाळी मीच लावून देतो," वस्ताद म्हणाले, जरा ताठ होऊन.

"मग ते उद्यापासून लावू नका. गालांवरची मुरुमं तिच्या वयाची आहेत. कपाळावरची निम्मी या डब्यातली आहेत. मेण आणि तेल दिवसभर कपाळावर दाबून ठेवलं की भोकं बुजणारच."

"डॉक्टर, चौतीस वर्षं चाललंय हे पोमेड. एकाची तक्रार नाही."

"तक्रार कोण करणार? मुरूम आलं की माणूस आरशाला शिव्या देतो, केस कापणाऱ्याला नाही."

त्यांनी औषध लिहून दिलं. रात्री वाटाण्याएवढं मलम घ्यायचं आणि मुरुमापुरतं टिपत न बसता सगळ्या चेहऱ्यावर पातळ पसरायचं. सकाळी दुसरं मलम, त्यानं टॉवेलचा रंग उडतो म्हणून टॉवेल पांढरा वापरायचा. तोंड दोनदाच धुवायचं, साध्या सौम्य साबणानं. कातडी कोरडी पडेल, त्याला बिनतेलाचं क्रीम. उन्हात जाताना उन्हाचं क्रीम. एकही मुरूम फोडायचं नाही, डाग त्यानंच राहतात. पहिले काही आठवडे उलट जास्त वाईट दिसेल. आठ ते बारा आठवडे धीर धरायचा. तेवढ्यात फरक पडला नाही तर पुढची औषधं आहेत.

"माझी परीक्षा पाच आठवड्यांवर आहे," मुलगी म्हणाली.

"मग परीक्षेला मुरुमांसकट जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परत येताना घराच्या कोपऱ्यावर आल्यावर वस्ताद म्हणाले, "बाई हुशार आहेत. पण केसांतलं त्यांना काय कळतं? ती बट आहे म्हणून तर तू घराबाहेर पडतेस."

मुलीला एवढंच हवं होतं. मलमं तिनं सांगितल्याप्रमाणे सुरू केली. आणि सकाळी खुर्चीत बसून बटही बसवून घेऊ लागली. बाप-लेक दोघंही डॉक्टरीणबाईंचं अर्धं ऐकत होते, आणि आपण पूर्ण ऐकतोय असं एकमेकांना सांगत होते.

दोन आठवड्यांनी गाल कोरडे पडून नाकाच्या कडेला पापुद्रे सुटले, पण हनुवटीवर नवीन मुरुमं येणं कमी झालं. कपाळ मात्र होतं तसंच राहिलं, थोडं जास्तच भरलं.

"बघ, कपाळाला औषध लागू पडत नाही," वस्ताद म्हणाले.

त्याच आठवड्यात ग्रंथालयातला कारकून केस कापायला आला. तो पंचविशीचा, सडपातळ, बडबड्या. वर्षानुवर्षं त्याचा भांग डावीकडे होता आणि बट उजव्या भुवईवर. उजव्या भुवईच्या वर त्याला मुरुमांचा पट्टा होता, तोही वस्तादांना पाठ होता. तीन महिन्यांपूर्वी वरच्या फळीवरून एक जाड कोश पडून त्याच्या डाव्या भुवईवर टाके पडले. ती खूण झाकायला वस्तादांनी त्याचा भांग उजवीकडे नेला आणि बट डावीकडे फिरवली.

वस्तादांनी बट वर केली आणि त्यांचा हात थांबला. डाव्या बाजूला, टाक्यांच्या खुणेभोवती, मुरुमांची दाटी झाली होती. उजवी बाजू स्वच्छ होती. नुसते फिकट डाग राहिले होते, खुर्च्या हलवल्यावर जमिनीवर राहतात तसे.

"काय बघताय, वस्ताद?" कारकून आरशात बघून म्हणाला. "भांगाबरोबर मुरुमांनीही बिऱ्हाड हलवलं माझ्या. इमानदार आहेत बिचारी, बटेची पाठ सोडत नाहीत."

शेजारच्या बाकावर भोंगा बसला होता. भोंगा म्हणजे वस्तादांचा जुना मित्र. डोक्यावर केस नावाला, तरी रोज दुकानात हजर. त्याचा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचायचा म्हणून हे नाव. तो ओरडला, "माझ्याकडे बघ! केस नाहीत, बट नाही, मुरूम नाही. कपाळ कसं ताटासारखं!"

सगळे हसले. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी कारकुनाचे केस कापले, आणि शेवटी डबीकडे गेलेला हात मागे घेतला.

पुढचे चार दिवस त्यांनी प्रत्येक कपाळ वेगळ्या नजरेनं बघितलं. केस मागे फिरवून पोमेड लावणाऱ्या रंगाऱ्याला केसांच्या रेघेलगत बारीक पुळ्यांची झालर होती, बाकी कपाळ साफ. मशीननं बारीक केस करणाऱ्या दोन भावांना काहीच नव्हतं. एकाला कुठलंच पोमेड न लावता गालभर मुरुमं होती. तेही त्यांनी मनात नोंदवलं, कारण आता आपल्या सोयीचं तेवढंच बघायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. पण बटेखालची कपाळं सगळी एकच गोष्ट सांगत होती. पोरं मुरुमं घेऊन त्यांच्याकडे येत होती हे खरं. जास्त मुरुमं घेऊन परत जात होती, हेही खरं.

पाचव्या दिवशी दुपारी ते जेवायला वर गेले. मुलगी आणि तिची आई ताटं घेऊन बसल्या होत्या. वस्तादांनी घास हातात धरला आणि तसाच ठेवला.

"डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं," ते म्हणाले. "तुझ्या कपाळाचं कारण मी आहे. सगळ्याचं नाही. पण कपाळाचं मी."



"तीन आठवडे, बाबा," मुलगी म्हणाली. "त्यांनी सांगून तीन आठवडे झाले. मी रोज ते मलम लावून कातडी सोलून घेतेय, आणि तुम्ही रोज सकाळी त्यावर मेण थापताय. आणि म्हणता काय, औषध लागू पडत नाही."

"हो."

"हो काय? परीक्षा दोन आठवड्यांवर आलीय!"

"अगं, तूही बसत होतीस ना खुर्चीत?" आई म्हणाली. "हात धरून नेत नव्हते ते तुला."

मुलगी ताट तसंच टाकून उठली. मोरीत जाऊन तिनं केस तीनदा धुतले, तेव्हा कुठे मेणाचा चिकटपणा गेला. पोमेड नसलेली बट जागेवर राहीना. पंख्याच्या वाऱ्यानं ती उडायची, कानामागे जायची, डोळ्यांत यायची. संध्याकाळी मुलीनं ती चिडून पिनेनं वर अडकवली, आणि ती घरात कपाळ उघडं ठेवून फिरू लागली. बाहेर मात्र पडेना. वस्तादांशी दोन दिवस बोलली नाही.

खाली वस्ताद गिऱ्हाइकांना सांगू लागले: पोमेड कपाळापासून चार बोटं मागे, आणि झोपण्यापूर्वी केस धुवायचे, आणि ज्याला मुरुमं आहेत त्याला पोमेड मिळणारच नाही. काही जण नाराज झाले. एक पोरगा तर म्हणाला की दुसरीकडे जाईन, आणि गेला. उरलेल्या पोमेडचा एक डबा वस्तादांनी दुकानाच्या कुरकुरणाऱ्या शटरला लावला. तेव्हापासून ते लोण्यासारखं सरकत होतं.

तिसऱ्या दिवशी आई शिवणाच्या मशीनवरून न उठता म्हणाली, "मला एक सांग. ज्यांना दिसत नाही ते चष्म्याला येतात. मोजायच्या वेळी त्यांचा चष्मा काढलेला. त्यांना तुझी मुरुमं कसली दिसणार?"

मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून वस्ताद जिन्यात थांबले.

"आई, ज्यांना लांबचं दिसत नाही ना, त्यांतल्या बऱ्याच जणांना हातभर अंतरावरचं चष्म्याशिवायही स्वच्छ दिसतं. चष्मा काढून ते सुईत दोरा ओवतात. जवळचं दिसत नाही ते बाबांच्या वयाच्यांना."

"मग बाबांपासून सुरू कर," आई म्हणाली.

वस्ताद जिन्यातून वर आले आणि काही न विचारता नाकावरचा कामाचा चष्मा काढून खुर्चीवर बसले. मुलीनं पट्टी आणली. ती त्यांच्या नाकावर टेकवली, एक डोळा मिटला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा. आता उजव्या. हलू नका."

वस्तादांना समोर एक धूसर, लालसर चेहरा दिसत होता आणि त्यात दोन डोळे. ते हलले नाहीत.

"चौसष्ट मिलिमीटर," मुलगी म्हणाली. मग पुन्हा मोजलं. "त्रेसष्ट. मघाशी माझं डोकं कललं होतं."

चार दिवस तिनं त्यांची मापं घेतली, मग आईची, मग मावशीची. मावशी टूथपेस्टची आठवण काढणार होती, तेवढ्यात आईनं तिच्याकडे अशी नजर टाकली की ती पट्टीसारखीच सरळ बसली. पाचव्या दिवशी मुलगी दुपारच्या वेळी दुकानात उतरली. भोंगा बाकावर होता. त्याचा चष्मा बेताच्या नंबरचा पण जुन्या जड काचांचा होता, आणि तो लांबच्यासाठी होता.

"काका, चष्मा काढा. माप घ्यायचंय."

भोंग्यानं चष्मा काढला. मुलगी हातभर अंतरावर उभी राहिली. दुकानात तिघं होते, कात्री थांबली. भोंगा सरळ तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि हातभर अंतरावर त्याला घारीइतकं स्पष्ट दिसतं, हे मुलीला माहीत होतं. ती मानेपर्यंत लाल झाली. तिनं टेकवलेली पट्टी काढली, हात कुडत्याला पुसला आणि ती परत टेकवली.

"डाव्या डोळ्याकडे बघा."

"बघतोय की," भोंगा ओरडला. "पण लवकर आटप, नाकात गुदगुल्या होतायत. आणि माझी काच हलकी नाही का होणार ग? हिच्या वजनानं मी पुढं वाकत चाललोय."

"होईल. फ्रेम लहान घ्या. अडुसष्ट."

"अडुसष्ट म्हणजे चांगलं की वाईट?"

"रुंद."

"ऐकलं का रे, वस्ताद? रुंद! राजाचं लक्षण असणार!"

मुलगी वर गेली तेव्हा वस्तादांनी भोंग्याला हळूच विचारलं, "तिच्या तोंडाबद्दल काही बोलला नाहीस ते?"

"त्यात बोलायचं काय?" भोंगा चष्मा पुसत म्हणाला. "मुरुमं आहेत. मला काय पहिल्यांदा दिसली?"

परीक्षेच्या सकाळी मुलीच्या गालांवरचे पापुद्रे गेले होते. हनुवटी बरीच बसली होती. कपाळावर मात्र सतरा-अठरा मुरुमं होती, त्यातली दोन कालचीच. पोमेड बंद होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. एवढ्यात काही होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. ती खाली येऊन खुर्चीत बसली.

"वर घ्या," ती म्हणाली.

वस्तादांनी फणी नुसत्या पाण्यात बुडवली. केस मागे ओढले, वळवले, एकेक पीन आत सरकवली. हाताला सवय नव्हती. चौतीस वर्षं ते हात पुढे आणि खाली काम करत आले होते. डाव्या बाजूची एक पातळ बट सुटून भुवईपर्यंत आली आणि नेमकी त्या दोन नव्या मुरुमांवर बसली. छान दिसत होती. वस्तादांनी ती तशीच राहू दिली आणि फणी खाली ठेवली.

मुलीनं आरशात बघितलं. "बाबा, ती पण."

"ती एवढीशी कुणाला—"

"ती पण घ्या."

त्यांनी ती बट पिनेखाली घेतली. मुलीनं पिशवी उचलली, पट्टी आणि पेन आत आहे का बघितलं आणि ती निघाली. बाकावर दोन गिऱ्हाईकं बसली होती. एकानं वर बघितलं, एकानं बघितलं नाही.

दुपारी वस्तादांनी एकाच माणसाच्या कानामागचे केस दोनदा कापले. मुलगी तीनच्या सुमाराला परत आली, वर न जाता दुकानातच पाण्याचा तांब्या तोंडाला लावून उभी राहिली.

"कसं झालं?"

"मापं पाचही बरोबर आली. पण फ्रेम बसवताना एकाची डावी काडी कानावर उंच राहिली, आणि मला दिसलंच नाही. तेवढं काम परत दाखवायला बोलावलंय, पुढच्या महिन्यात." तिनं तांब्या ठेवला. "काडी गरम करून वाकवायची असते. मी थंडच वाकवत बसले."

"आणि बाकी?"

"बाकी काय?" मुलगी म्हणाली, आणि भूक लागल्याचं आईला जिन्यातूनच ओरडून सांगत वर गेली.